उंदरिणींची पंगत

मी पोटात असताना माझ्या आईनं नऊ महिने मिश्री घासली. दिवसातून चार वेळा, आणि सकाळी उठल्याबरोबरची वेगळी. हे ती लपवत नाही. उलट पाहुण्यारावळ्यांत सांगते, ‘हिच्या वक्ताला पोटात पाणी ठरत नव्हतं, मिश्रीवर दिवस काढले मी.’ आणि वर माझ्याकडं अशी बघते की जणू मी त्या मिश्रीचंच पीक.

मिश्री म्हणजे तव्यावर काळी होईस्तोवर भाजून कुटलेली तंबाखू. बोटानं दातांना लावायची म्हणून ती दंतमंजनाच्या जातीत मोडते, निदान आमच्या रेणापूरच्या बायकांच्या मते तरी. तंबाखू खाणारी बाई वाया गेलेली, मिश्री घासणारी बाई टापटिपीची. आमच्या घरी मिश्री भाजायला घेतली की आख्खी गल्ली शिंकायची. शेजारची काकू भिंतीपलीकडून ओरडायची, ‘भाजायच्या आधी सांगत जावं की गं, डोळ्यांतून धारा लागल्यात माझ्या!’ आणि भाजून झाली की हीच बया रिकामी डबी घेऊन दारात हजर.

मला ह्या सगळ्याची गंमत वाटायची. पुढं लग्न होऊन नांदेडला गेले, तिथं औषधनिर्माणशास्त्राच्या एका कॉलेजात संशोधनाला नाव घातलं, आणि सरांनी विषय दिला तो असा: गाभण उंदरिणीला तंबाखूचा अर्क दिला, तर त्या वेळी तिच्या पोटात असलेल्या लेकी पुढं मोठ्या होऊन आया कशा होतात? मी शहाण्यासारखी मान डोलावली, बाहेर आले, चहा घेतला, आणि चहाच्या दुसऱ्या घोटाला माझी ट्यूब पेटली. गाभण आई, तंबाखू, पोटातली लेक. अगं माय, म्हणजे मीच की! सरांनी मला माझ्यावरच प्रबंध लिहायला सांगितला होता आणि त्या भल्या माणसाला त्याचा पत्ताही नव्हता.

तेव्हा मी नुसती हसले होते.

प्रयोग अवघड नव्हता. गाभण उंदरिणींचे दोन गट. एका गटाच्या शेपटीवर तांबड्या रेघा मारलेल्या, त्यांना रोज नळीनं तंबाखूचा अर्क. दुसऱ्या गटाच्या शेपटीवर निळ्या रेघा, त्यांना तेवढंच साधं पाणी. पिल्लं झाली की सगळीच्या सगळी तिसऱ्याच, तंबाखूचा वाराही न लागलेल्या आयांना दत्तक द्यायची, म्हणजे पुढं जे काही दिसेल ते पोटातलं, मांडीवरचं नव्हे. मग त्यांतल्या लेकी वाढवायच्या, त्यांना त्यांच्या आईच्याच रंगाच्या रेघा मारायच्या, आईच्याच फळीवरच्या पिंजऱ्यांत ठेवायच्या, वेळेवर नवरे बघून द्यायचे. आणि त्यांना पिल्लं झाली की त्यांची परीक्षा घ्यायची.

हो, आईपणाची परीक्षा. ती अशी असते: आईला दोन मिनिटं बाजूला काढायचं. कागदाच्या चिंध्यांच्या घरट्यातली तिची पिल्लं उचलायची आणि पिंजऱ्याच्या पार दुसऱ्या टोकाला पसरून ठेवायची. मग आईला आत सोडून हातातलं घड्याळ दाबायचं. चांगली आई धावत सुटते, एकेक पिल्लू मानेशी तोंडात धरून घरट्यात आणून टाकते. पहिलं किती सेकंदांत, सगळी किती मिनिटांत, ते तक्त्यात लिहायचं. दहा मिनिटं झाली की परीक्षा संपली. तोवर आणली नाहीत तर लिहायचं ‘आणली नाहीत’, आणि पुढचा पिंजरा ओढायचा.

उंदरांची ती खोली सांभाळायला एक मावशी होत्या. पन्नाशी ओलांडलेल्या, बुटक्या, आवाज मात्र भोंग्यासारखा. मला त्या ‘मॅडम’ म्हणायच्या आणि लगेच ‘तू’वर यायच्या. त्यांच्या कमरेला डबी होती हे सांगायला नकोच. मी पहिल्याच दिवशी तंबी दिली, ‘मावशी, इथं तंबाखूचाच प्रयोग आहे. मिश्री आत घासायची नाही.’ त्यांनी नियम काटेकोर पाळला. दाराबाहेर पायरीवर बसून घासायच्या, चूळ भरायच्या आणि सरकारी कागदावर शिक्का मारल्यासारख्या रुबाबात आत यायच्या.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं होतं, ‘मॅडम, तांबड्या शेपटीवालीला औषध देऊन राहिली तू, अन् निळ्या शेपटीवालीला निस्तं पाणी. कामून?’

‘त्यांची तुलना करायचीय मावशी. एकीला द्यायचं, एकीला नाही, मग फरक बघायचा.’

‘पर त्याबी गाभणच हायत ना?’

‘आहेत. पण त्यांना द्यायचं नाही.’

‘हाव,’ मावशी म्हणाल्या. लांबलचक, छताकडं बघत म्हणाल्या. मी पदव्युत्तर शिक्षण घेतलेली बाई, मला वाटलं विषय संपला.

उंदरिणी व्याल्या, लेकी वाढल्या, आणि त्यांची लग्नं लावायची वेळ आली तोवर मलाच दिवस गेले होते. इथून माझं हसू आटायला लागलं. उंदरांच्या खोलीत मी तोंडाला फडकं बांधून बसायची, समोर तांबड्या शेपटीच्या तरण्याताठ्या लेकी मजेत चणे खात असायच्या, आणि मला वाटायचं, ह्या माझ्या जावाबहिणी. ह्यांचं जे होईल ते माझं होणार. नवऱ्याला बोलून दाखवलं तर तो म्हणाला, ‘तू उंदीर आहेस का?’ ह्या माणसाला सांगण्यात अर्थ नव्हता. मला पोराची हौस होती, पण आत कुठंतरी धाकधूक बसली होती: उद्या लेकरू झालं आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही तर? आतली वायरिंगच आईनं बोटानं घासून टाकली असली तर?

परीक्षा सुरू झाल्या तेव्हा मला सातवा लागला होता. तांबड्या शेपटीच्या लेकींनी सरांची मान उंच केली आणि माझी खाली घातली. एकीनं पिल्लांचा वास घेतला आणि पाणी प्यायला गेली. दुसरीनं एक पिल्लू आणलं आणि बाकीची विसरली. एकीच्या शेपटीवर दोन रेघा होत्या, तिची मला आजही चीड येते. तिची आठ पिल्लं कोपऱ्यात सोललेल्या ओल्या शेंगदाण्यांसारखी वळवळत होती आणि ही बाईसाहेब आरशासमोर बसावं तशी तोंड धूत बसली. मग खाल्लं. मग पुन्हा तोंड धुतलं. मी पिंजऱ्याला तोंड लावून म्हणाले, ‘उठ की गं भवाने!’ शास्त्रात असं बोलायचं नसतं. दहा मिनिटं झाली. मी लिहिलं, ‘आणली नाहीत.’

तक्ता मिटून बाहेर पायरीवर जाऊन बसले. अर्ध्या तासानं आत आले तर आठही पिल्लं घरट्यात, आणि दोन रेघांची त्यांच्यावर पोट पसरून बसलेली. मी तक्ता उलटापालटा करून पाहिला. ह्याला त्यात कुठं जागाच नव्हती. परीक्षा संपल्यावर पेपर लिहिणाऱ्या पोराला कोण मार्क देतं? तेवढं मी सोडून दिलं आणि पुढच्या कामाला लागले.

पुढचं काम म्हणजे निळ्या शेपटीच्या लेकी, साध्या पाण्यावाल्यांच्या. ह्या सरळ पास होणार म्हणून मी निर्धास्त होते. वरच्या फळीवरच्या झाल्याही. तीनचार मिनिटांत पिल्लं घरट्यात, वर शाबासकी मागितल्यासारख्या माझ्याकडं बघायच्या. पण मधल्या आणि खालच्या फळीवरच्यांना काय धाड भरली होती कोण जाणे. एक झोपली. एक पिल्लावर पाय देऊन पलीकडं गेली. सरांनी आकडे बघितले, चष्मा काढला, पुसला, घातला.

‘ह्यांना पाणीच दिलं होतं ना?’

‘पाणीच दिलं होतं सर. माझ्या हातानं.’

‘मग ह्या अशा का?’

मला काय ठाऊक! मी तावातावानं खोलीत आले आणि मावशींवर तोफ डागली. भुसा बदलला होता का? कुणी आवाज केला होता? ह्यांच्या आया गाभण असताना काही वेगळं खाल्लं होतं का त्यांनी?

मावशी भुसा चाळत होत्या. त्यांनी चाळणी खाली ठेवली नाही. ‘वेगळं काय. मिश्री तेवढी.’

‘काय?’

‘चिमटीभर. भिजल्या चण्याला लावून देत होते. तू औषध देऊन घरी गेली की मी द्यायची.’

‘मावशी!’ माझा आवाज फुटला. ‘कशासाठी?’

आता त्यांनी चाळणी ठेवली. आणि मी काही भलतंच विचारल्यासारख्या माझ्याकडं बघितलं. ‘अवो, एका पंगतीत बशिवल्या ना तू त्या? अन् निम्म्यांच्या पानात वाढलं, निम्म्यांच्या न्हाई. बाजूचीचं तोंड चालून राहिलं अन् ह्या बसल्या बघत, त्याबी पोटुशा. असला पंक्तिप्रपंच माझ्यानं बघवला न्हाई. तुला पाप लागू नये म्हून केलं मी, मॅडम. तू बी आता दोन जिवांची हायस.’

‘मग वरच्या फळीवरच्यांना?’

‘तिथं हात पोचत न्हाई माझा,’ मावशी म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांचा चेहरा ओशाळला. ‘त्याचं लई वाईट वाटतं मला.’

मी खाली बसले. स्टुलावर नाही, भुशाच्या पोत्यावर. माझ्या प्रबंधाचा ह्या बाईनं मुडदा बशिवला होता, आणि तोही पुण्य म्हणून. मला रागही येईना नीट. आमच्या घरी पंगतीत एखाद्याच्या पानात जिलबी कमी पडली तर वाढणाऱ्याची सात वर्षं आठवण निघते. त्याच संस्कारात मावशी वाढल्या होत्या आणि मी पण. मी नळी घेऊन हिंडताना ते विसरले, त्या विसरल्या नाहीत.

सरांना सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. मग त्यांना हसू फुटलं, मग ते एकदम गंभीर झाले आणि म्हणाले, ‘सगळं पुन्हा पहिल्यापासून. बाळंतपण उरका आणि या.’

पण मला प्रबंधाची पडली नव्हती. माझ्या डोक्यात निराळाच किडा शिरला होता. मला काहीच माहीत नसताना, साध्या पाण्याच्या समजून मी ज्यांची परीक्षा घेतली, त्यांतल्या नेमक्या मिश्रीवाल्यांच्या लेकी नापास झाल्या. आणि वरच्या फळीवरच्या, जिथं मावशींचा हात पोचला नाही, त्या पास. हा प्रयोगशाळेतला अर्कबिर्क नव्हता, खरी मिश्री होती, बाईच्या कमरेच्या डबीतली. माझ्या आईच्या डबीतही तीच होती, आणि माझी फळी सगळ्यात खालची.

आठव्या महिन्यात माहेरी गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, ह्यात आमच्याकडं चर्चा होत नाही. आईनं माझं पोट बघितलं, पाय बघितले, आणि नेहमीप्रमाणे पायरीवर बसून डबी उघडली. तिला मिश्रीबद्दल बोलायचं ठरवून गेले होते, तिथं गेल्यावर जीभ उचलेना. लातूरच्या दवाखान्यात मुलगी झाली. आई म्हणाली, ‘तुझंच नाक हाय.’ नर्सनं पोरगी माझ्या छातीवर ठेवली.

आणि मला काहीच वाटलं नाही.

हे मी सरळ लिहिते, कारण त्या वेळी कुणाजवळ बोलायची सोय नव्हती. पोरगी गोरीगोमटी होती, बोटं दहाच्या दहा होती, मी तिला पाजत होते, लंगोट बदलत होते. पण हे सगळं दुसऱ्या कुणाचं तरी लेकरू सांभाळायला दिल्यासारखं. भेटायला येणाऱ्या बाया डोळे भरून म्हणायच्या, ‘जीव कसा लागून जातो न्हाई?’ मी म्हणायची, ‘हो ना.’ आणि मनात दोन रेघांची उंदरीण तोंड धूत बसलेली असायची. मला इतकी शरम वाटायची की मी पोरीच्या तोंडाकडं नीट बघतसुद्धा नव्हते.

रेणापूरला घरी आल्यावर अकराव्या दिवसाची गोष्ट. दुपारचे चार वाजलेले. पाळणा सोप्याच्या त्या टोकाला, मी ह्या टोकाला बाजेवर. हातात डिंकाचा लाडू. पोरगी रडायला लागली. मी तिकडं बघितलं. मग भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. मग, देवाशपथ, लाडवाचा एक घास घेतला. ती रडतच होती. मी पदरानं तोंड पुसलं. आणि तोंड पुसता पुसता माझा हात तिथंच थांबला, कारण मी काय करतेय हे मला लख्ख दिसलं. वास घेणं झालं, खाणं झालं, तोंड धुणं झालं. आता फक्त झोपायची राहिले होते. उठायचं होतं, पण मी बाजेवरच बसून राहिले.

आई परसातून आली. बोट काळं, ओठ मिटलेले. तिनं पाळण्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

आणि माझा बांध फुटला. ‘तुझ्यामुळं झालंय हे!’ मी ओरडले. ‘नऊ महिने घासलीस ना ती राख? घास अजून! उंदरांनासुद्धा कळतं, आपली पिल्लं उचलायची असतात, आणि मला उचलता येत नाहीये! मला काहीच वाटत नाही तिचं! काहीच नाही! तू मला बिघडवून जन्माला घातलंस!’

आई मोरीकडं गेली. चूळ भरली, खंगाळून दुसऱ्यांदा भरली. येऊन बाजेच्या कडेला बसली. पोरगी रडतच होती, आणि ती तिला उचलायला गेली नाही, हे मला चांगलं आठवतं.

‘मिश्रीनं असंल तर मिश्रीनं असंल,’ ती म्हणाली. ‘तू शिकलेली हायस, तुला म्हाईत. मला एक सांगायचं हाय. तू झालीस तवा मी तुला आठ दिस हातात घेतली न्हाई.’

मी हातातला लाडू बाजेवर ठेवला.

‘घेऊ वाटंना. लोकाचं लेकरू बघावं तसं बघायले. माझी माय तुला आणून छातीला लावायची, पिऊन झालं की उचलून न्यायची. कुणाला सांगितलं न्हाई तिनं. माझ्या मायनंबी मिश्रीच घासली आयुष्यभर, ती काय सांगती.’

‘मग?’

‘मग काय. नवव्या दिशी घेतली.’

‘का घेतलीस? काय झालं नवव्या दिवशी?’

‘काय व्हायचंय? तू रडायलीस, माय पाण्याला गेलती. घेतली.’ आई लुगड्याच्या घडीकडं बघत होती. ‘उशिरा घेतली, मला काय कळत न्हाई का? पर तवापासून खाली ठिवलीय का तुला? सांग की. नांदेडला गेलीस तरी ठिवलीय का?’

मला ते आठ दिवस कुणी कधी सांगितले नव्हते. आईच्या आईपणाच्या माझ्या तक्त्यात ते नव्हतेच. जे होतं ते असं: शाळेच्या दारापर्यंत मागं मागं येणारी बाई, रेणापूरच्या बसस्टँडवर माझ्या कॉलेजच्या गाडीला तीन तास ताटकळलेली बाई, पोटात पाणी ठरत नव्हतं हे तीस वर्षं कौतुकानं सांगणारी बाई. दहा मिनिटांचं घड्याळ लावून कुणी बसलं असतं तर तिच्या नावापुढंही तेच ‘आणली नाहीत’ लिहिलं असतं. तंबाखूनं उशीर होतो, हे माझ्याच उंदरिणींनी मला दाखवलं होतं आणि मी ते नाकारत नाही. पण अर्ध्या तासानं आत येऊन बघितलं होतं ते मीच, आणि ते सोडून दिलं होतं तेही मीच.

मी उठले. सोपा काही फार मोठा नाही, सातआठ पावलं. टाके ओढत होते. पोरगी लालबुंद झाली होती, मुठी आवळून ओरडत होती. मी पहिल्यांदा तिच्या तोंडाकडं नीट बघितलं. माझंच नाक होतं, आणि रागही माझाच.

‘मानेखाली हात घाल,’ आई मागून म्हणाली. ‘मान धर तिची.’

मी मान धरली आणि तिला उचललं. ती गप्प बसली नाही, उलट कानात किंचाळली. छातीत काही दाटून आलं म्हणावं तर तसंही झालं नाही त्या घडीला, फक्त ती भलतीच गरम होती आणि माझ्या खांद्याला चिकटली होती. पण मी तिला खाली ठेवलं नाही. ती झोपली तरी नाही, दिवाबत्ती झाली तरी नाही. जेवायची वेळ झाली तेव्हा आईनंच मला घास भरवले. आधी मी तिला मिश्रीचे हात साबणानं दोनदा धुवायला लावले, आणि ती तोंडातल्या तोंडात मला शिव्या घालत धुऊन आली.